खेळ आणि स्मरण

जीवाचे चित्त रिकामे राहत नाही. ते ज्याला धरते त्याचा आकार घेते, आणि ज्याला वारंवार धरते त्याचेच होऊन बसते. म्हणून परधर्मात स्मरणाला एवढे माहात्म्य आहे. नाम, रूप, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण म्हणजे दिवसातील एक काम उरकणे नव्हे. अनादिकाळापासून विषयांकडे धावणाऱ्या चित्ताला त्याच्या खऱ्या आश्रयाकडे वळविणे होय. हे तत्त्व उपदेशी वासनिकांना नवीन नाही. परंतु तत्त्व कळणे वेगळे आणि संध्याकाळच्या वेळी भरल्या घरात ते पाळणे वेगळे. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे होय.

अमरावती जिल्ह्यातील संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या एका उपदेशी गृहस्थाचे उदाहरण घ्यावे. घरात वृद्ध माता, पत्नी व बारा वर्षांचा मुलगा. सकाळी देवपूजा, विशेषांचे वंदन, संध्याकाळी स्मरण, असा त्या घराचा जुना परिपाठ. मोबाईल त्या घरात हौसेने आलेला नाही. संत्र्याचे भाव आणि पावसाचा अंदाज त्यावर कळतो. आणि २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा मुलाचे धडेही त्याच्यावरच येऊ लागले. धडे घेण्यासाठी हाती दिलेले यंत्र पुढे खेळण्यासाठी हातीच राहिले. मुलाचा खेळ वाढत गेला. पित्याचे बोलणेही वाढत गेले.

एके रात्री पत्नी माहेरी गेली असता आजीने पाणी मागितले. मुलगा आतल्या खोलीत मोबाईलवर खेळत होता. पिता ओसरीवर बसून दुसऱ्या मोबाईलवर स्मरण करीत होता. हातातील गाठी त्याने वर्षभरापूर्वी खुंटीला अडकविली होती. पडद्यावर बोट टेकविले की आकडा एकाने वाढे आणि रोजचा हिशेब साठून राही, ही सोय त्याला आवडली होती. आजीने पुन्हा हाक मारली. कोणी उठले नाही. ती स्वतः माठाकडे निघाली, उंबरठ्याला अडखळून पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले.

पित्याने मुलाला विचारले, "आजीची हाक तुला ऐकू आली नाही?"

मुलगा खोटे बोलला नाही. तो म्हणाला, "ऐकू आली होती, बाबा. पण लेव्हल अर्ध्यावर सोडली असती तर सगळं गेलं असतं."

पित्याचा उगारलेला हात खाली आला. कारण हाक त्यालाही ऐकू आली होती. त्याच्या ठरलेल्या संख्येत पन्नास नामे उरली होती, आणि तेवढी झाल्यावर उठू, असे त्याने मनाशी म्हटले होते.

काही दिवसांनी त्याने आश्रमात जाऊन एका वृद्ध महंतांपुढे हा सर्व वृत्तांत ठेवला व विचारले, "बाबाजी, आम्हां दोघांत अधिक दोष कोणाचा?" हा प्रश्न एका घराचा नाही. त्याचा विचार शास्त्राच्या आधारे व्हावयास पाहिजे.

प्रथम खेळाविषयी. येथे पूर्वपक्ष असा संभवतो: ईश्वरानेही खेळ केलेले आहेत. गोकुळात श्रीकृष्ण भगवंतांनी गोपाळांसह क्रीडा केली. ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभू मुलांमध्ये मूल होऊन खेळले. सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या चरित्रात तर हरिपाळदेव असतानाच्या द्यूताचा उल्लेख म्हाइंभटांनी लपविलेला नाही. शिवाय गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूतींमध्ये द्यूताचीही गणना केली आहे. मग बालकाच्या खेळाला दोष कसा द्यावा?

याचे समाधान असे. ईश्वराची क्रीडा आणि जीवाचा खेळ यांना शब्द एक असला तरी अर्थ भिन्न आहे. ईश्वर नित्यतृप्त; खेळापासून त्याला काही मिळवावयाचे नसते. त्याची लीळा जीवांना जवळ घेण्यासाठी असते. ऋद्धिपूरचे लोक श्रीप्रभूंना माता आणि पिता मानीत, ते त्यांच्या खेळकर रूपामुळे त्यांचे सान्निध्य सुलभ झाले म्हणून. जीव मात्र अपूर्ण आहे. तो खेळात काहीतरी शोधतो. म्हणून ईश्वराच्या लीळेचे स्मरण करावे. तिचे अनुकरण करून आपल्या आवडीला आधार शोधू नये. गीतेतील वचनाचेही तसेच. तेथे छळ करणाऱ्या वस्तूंमध्ये द्यूत सर्वांत प्रबळ, एवढेच सांगितले आहे. प्राबल्य सांगणे म्हणजे आज्ञा देणे नव्हे. त्याच भगवंतांनी महाभारताच्या वनपर्वात पांडवांना सांगितले आहे की, आपण त्या वेळी जवळ असतो तर न बोलावताही सभेत येऊन ते द्यूत थांबविले असते. शाल्वाशी युद्धात गुंतल्यामुळे येता आले नाही. आपल्या माणसाला बुडविणाऱ्या खेळात आड येणे हे प्रेमाचे लक्षण आहे, असा याचा अर्थ निघतो.

हरिपाळदेवांच्या लीळेचा शेवटही लक्षात घ्यावा. द्यूतात हार झाली, तेव्हा त्यांनी पत्नी कमळाइसा यांच्याकडे अलंकार मागितले. त्यांनी दिले नाहीत. तो नकार निमित्त झाला. हरिपाळदेव उदास झाले, रामयात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडले, आणि ऋद्धिपुरास श्रीप्रभूंची भेट झाली. ईश्वराला निमित्ताची गरज नसते. तरी जीवांना बोध व्हावा म्हणून लीळा अशी घडते. तिच्यातून गृहस्थाने एवढे घ्यावे की घरातून वेळेवर आलेला एक नकार माणसाची दिशा बदलू शकतो.

आता खेळाचा दोष नेमका कशात आहे? खेळणे हा दोष नव्हे. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या यांनी शरीर दृढ होते, हार सोसण्याचे बळ येते, सवंगड्याशी भांडून पुन्हा एक होण्याची सवय लागते. त्या खेळांना एक मर्यादा आपोआप होती: अंधार पडला की विटी दिसत नसे. खेळ संपे आणि मूल घरी येई.

मोबाईलवरील पुष्कळ खेळांना असा सूर्यास्त नाही. एक पातळी संपताच दुसरी उघडते. रोज न आल्यास काही तोटा होतो, आल्यास बक्षीस मिळते. आणि ते केव्हा व किती मिळेल हे आधी कळत नाही. ही रचना अजाणता झालेली नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर व त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांचा विस्तृत वृत्तांत आहे. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर अधिक चिकाटीने चोच मारीत राहते, असे त्यांत दिसून आले. फाशाचे बळ हेच आहे. जिंकण्यापेक्षा 'आता जिंकू' या आशेची ओढ मोठी असते.

म्हणून शासन व वैद्य यांनाही या विषयाकडे वळावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात या खेळांच्या विकाराला स्थान दिले. त्याची लक्षणे तीन: खेळावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा व आवडींपेक्षा खेळाला अधिकाधिक अग्रक्रम मिळणे, आणि हानी होत असूनही खेळ चालू राहणे, हे सामान्यतः बारा महिने दिसले पाहिजे. भारतात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु कायदा पैशाच्या पणाला अडवू शकतो. चित्त पणाला लागते तेथे त्याचा हात पोहोचत नाही.

वरील तीन लक्षणे दोषाच्या निर्णयासाठी ताडून पाहावीत. मुलाला ती थोडीफार लागू पडतील. पण त्या रात्री पित्याची स्थिती काय होती? आकडा सोडवेना, म्हणजे ताबा सुटला. वृद्ध मातेच्या हाकेपेक्षा संख्या मोठी झाली, म्हणजे अग्रक्रम बदलला. मुलाला 'लेव्हल' जाण्याचे भय, पित्याला संख्या अपुरी राहण्याचे. मुलाच्या मुखी खेळाचे नाव होते, पित्याच्या मुखी ईश्वराचे. परंतु दोघांचेही चित्त वाढत्या आकड्यावर होते.

येथे शंका येईल: संख्येचा नेम चुकीचा काय? गाठीवर स्मरण करण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. तिचे समाधान असे की नेम चित्ताला सावरण्यासाठी आहे; चित्त नेमासाठी नाही. गाठी हातात असते तेव्हा बोट पुढे सरकते आणि चित्त आत राहू शकते. पडद्यावरचा आकडा डोळ्यांना बाहेर खेचतो, कालच्याशी तुलना करावयास लावतो, आणि मधूनच एखादा निरोप चमकला की बोट तिकडे जाते. यंत्राला पाप-पुण्य नाही; गाठीवरही अहंकाराने मोजता येते. तरी ज्या साधनाने आपले चित्त बाहेर जाते ते साधन ओळखून बाजूला ठेवणे, हे साधकाचे काम आहे.

खेळ आणि स्मरण यांच्यातील भेद ओळखण्याची एक सोपी खूण त्या रात्रीच्या घटनेतूनच मिळते. खेळ सोडल्याशिवाय पाणी देता येत नाही. स्मरण सोडल्याशिवाय देता येते. मुलाला उठावयाचे तर डाव टाकावा लागला असता. पित्याला काहीच टाकावे लागले नसते. मुखी नाम, हातात तांब्या, असे त्याला माठापर्यंत आणि मातेपर्यंत जाता आले असते. ती पन्नास नामे वाटेत पुरी झाली असती; न झाली असती तरी हानी नव्हती. जे स्मरण हाकेसरशी उठून बरोबर येत नाही, ते नावाने स्मरण असले तरी खेळाच्या जातीचे झाले आहे, असे समजावे.

वृद्ध महंतांनी त्या गृहस्थाला हेच सांगितले. ते म्हणाले, "दोष तुमचा अधिक. मुलापाशी टाकण्यासारखे काही होते, म्हणून तो अडला. तुमच्यापाशी टाकण्यासारखे काही नव्हते, तरी तुम्ही अडलात."

मग गृहस्थाने करावे काय? लीळाचरित्रातील सशाची लीळा येथे आठवावी. पारध्यांनी ससा पाठीस लावला होता. त्यावर त्यांची होड होती, म्हणजे त्यांच्या लेखी तो खेळ होता. सशाच्या लेखी ते मरण होते. तो धावत येऊन सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरला. सर्वज्ञांनी त्याला अभय दिले, आणि शरण आलेल्याला मारू नये हे पारध्यांना समजावून त्यांचे मन वळविले. ससा सुटला, आणि पारधीही त्या हिंसेतून सुटले. एकाचा खेळ दुसऱ्याची पीडा होतो तेथे आड यावे, आणि आड येताना मांडीखाली जागा द्यावी, असा दुहेरी बोध या लीळेत आहे. मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावून घेणारा पिता आड येतो, पण जागा देत नाही. मूल खेळातून निघून जाणार कोठे? पित्याच्या मांडीवर दुसरा मोबाईल असेल तर मूल पुन्हा आपल्या कोपऱ्यातच जाईल.

म्हणून आधी मांडी रिकामी करावी. संध्याकाळच्या स्मरणाच्या वेळी घरातील सर्व मोबाईल एका फडताळात ठेवावेत. त्यांत पित्याचा पहिला असावा. नकार द्यावयाचा तो स्पष्ट द्यावा, परंतु त्या नकारापाठोपाठ आपला वेळ द्यावा. मुलाने नामाची संख्या किती केली हे विचारू नये. आज कोणती लीळा आठवली हे विचारावे. मैदानी खेळ त्याच्यापासून काढून घेऊ नये, शक्य तर त्याच्याबरोबर खेळावा. आणि हिंसेत रमविणाऱ्या खेळांविषयी त्याच्याशी शांतपणे बोलावे. पडद्यावर जीव मरत नाही हे खरे. परंतु मारण्यात आनंद मानण्याची चित्ताची सवय पडद्यापुरती राहील याचा भरवसा धरू नये.

त्या गृहस्थाने घरी जाऊन खुंटीवरची गाठी पुन्हा हातात घेतली. मुलगा लगेच बदलला असे नाही. मोबाईल फडताळात जाताना तो अजूनही कुरकुरतो. आजीचा हात दोन महिन्यांनी बरा झाला. एका संध्याकाळी तिने पुन्हा पाणी मागितले, तेव्हा बाप आणि लेक दोघेही एकदमच उठले. बाप खाली बसला आणि त्याने मुलाला जाऊ दिले. मुलाच्या पाठीमागे त्याचे नाम चालूच होते. त्या रात्री ते किती झाले हे त्याने मोजले नाही.

ज्याच्या त्याच्या घरी अशी हाक रोज येते. ती ऐकून उठणाऱ्याचे स्मरण खंडित होत नाही, हे प्रत्येक वासनिकाने चित्तात धरावे.