पापाचा वाटा कोणाचा?

महाशिवरात्रीला वैनगंगेत स्नान करून मार्कंड्याच्या देवळाच्या रांगेत उभे राहिले की लहानथोरांना एकच कथा आठवते. मृकंड ऋषींच्या मुलाला सोळाच वर्षांचे आयुष्य होते, यम पाश घेऊन आला, मुलाने पिंडीला मिठी मारली आणि महादेवाने यमाला माघारी धाडले. हरिहरांत भेद न मानणाऱ्या आपल्या संप्रदायाला ही कथा परकी नाही. मात्र तिच्यातली एक गोष्ट आपण घाईत सोडून देतो. त्या बालकाचे मरण लिहिलेलेच होते, तरीही यमाला अडवले गेले.

याच चामोर्शी तालुक्यात, आष्टीच्या रस्त्याने, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. कुठे अपघात झाला की माणसे जमतात आणि त्यात एखादा माळकरी म्हणतोच, "त्याचं तेवढंच होतं." आईबापांनी स्वतःची समजूत घालायला हे शब्द घेतले तर त्यांना कोण काय म्हणणार? पण तेच शब्द तिसऱ्याने उच्चारले, चौकशी मिटावी म्हणून उच्चारले, की प्रारब्ध हे गुन्हेगाराचे वकीलपत्र घेते. क्षमेचेही तसेच. ज्याचे माणूस गेले त्याने क्षमा करावी. त्याच्या वतीने ती वाटण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला कोणी दिला?

दुसरे टोकही याच मुलखाने पाहिले आहे. जानेवारी 2019 मध्ये एटापल्लीजवळ गुरुपल्ली येथे खनिजाच्या ट्रकची एसटी बसला धडक बसून प्रवासी दगावले आणि संतापलेल्या लोकांनी तिथले ट्रक पेटवून दिले. या संतापाची भीती कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 चालकाला सांगते की जखमीला दवाखान्यात पोहोचव, पोलिसांना खबर दे. आणि तिथेच जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसल्यास सूटही देते. चालक जीव घेऊन पळाला की जखमी रस्त्यावरच राहतो.

आपल्या दिंड्यांनाही हे दुःख नवे नाही. 19 नोव्हेंबर 2019 रोजी दिवे घाटात जेसीबी श्री नामदेव महाराजांच्या पालखी सोहळ्यात घुसला आणि नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास आपल्यातून गेले. डिसेंबर 2023 मध्ये शिर्डीहून आळंदीला निघालेल्या दिंडीत घारगावजवळ कंटेनर शिरला, चार वारकरी गेले. दिवे घाटात ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. 'ब्रेक निकामी झाले' हे आपण वीज कोसळल्यासारखे ऐकतो. घाटात उतरण्याआधी ब्रेक कोणी तपासायचे होते, हे कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली एका जीपच्या प्रकरणात ते विचारले. टायर फुटून जीप उलटली आणि पायी चाललेला माणूस मेला. चालकाची चूक सिद्ध झाली नाही, तरी धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्या मालकाने भरपाई दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

इथे वाल्या कोळ्याची आठवण येते. नारदांनी त्याला घरी पाठवले, बायकापोरांना विचार म्हणाले. लुटीवर पोसलेल्या त्या घराने उत्तर दिले की पोसणे तुझे कर्तव्य, पाप तुझे तुला. वाहतूक कंपनीचे उत्तर पुष्कळदा याच घराण्यातले असते: गाडी आमची, भाडे आमचे, चूक मात्र चालकाची.

न्यायालयाने हे उत्तर फार पूर्वी नाकारले आहे. डिसेंबर 1960 मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार झाडावर आदळली. मोटार कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता, सोबतचा प्रवासी मेला. उच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ते फिरवले. माणूस कंपनीच्या कामावर होता, म्हणून त्याच्या हातून घडलेल्याचा भार कंपनीवरही आहे. हे ऐकायला मृताच्या घरच्यांना सोळा वर्षांहून अधिक थांबावे लागले.

तरी हा वाटा पैशापुरताच, हे माझ्या मनाला खटकते. भरपाई बहुधा विमा कंपनी भरते, मालकाचा संबंध हप्त्यापुरता उरतो. तुरुंग चालकाचा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे पोटकलम ट्रकचालकांच्या संपानंतर अमलात आणलेच गेले नाही. वाद झाला तोही चालकाच्या वर्षांचाच. चालकाला दिवसाला आठ तासांहून अधिक राबवू नये, हा नियम 1961 पासून आहे. जादा वजनाचा दंड, वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार, गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे तर चालवायला लावणाऱ्यालाही आहे. म्हणजे हात मालकापर्यंत पोहोचू शकतो. पण पंचनाम्यात रस्त्यावरचे रक्त आणि टायरच्या खुणा येतात. काट्याची पावती, चालक किती तास जागा होता, किती खेपा लावल्या, हे आपणहून येत नाही. नातेवाइकांनी, गावाने, ग्रामसभेने ते मागावे लागते. हे मागणे सूड नव्हे. चालकालाही त्यात न्याय आहे, कारण तोही कोणाचा तरी लेक असतो आणि झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी त्याला कोणी तरी पाठवलेले असते.

आणि माउली, वारीत आपणही गाडी भाड्याने घेतो. दिंडीचे सामान, तंबू, भांडी पुढच्या मुक्कामी नेणारा ट्रक आपल्यासाठीच पळतो. विणेकरी, चोपदार, स्वयंपाकी, पाणी वाहणारे, सगळ्यांची नेमणूक निघण्याआधी होते. ट्रकवाल्याला रात्री झोप मिळाली का, हे विचारायचे काम मात्र कोणाकडेच दिलेले नसते.