सोसणं आणि निवडणं

वेलिंग्टनच्या वाऱ्याबद्दल तक्रार करतात ते पाहुणे. इथे राहणारे छत्री विकत घ्यायचंही सोडून देतात. मीही वीस वर्षं तशीच राहिले. तीन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सकाळी लॅम्टन कीवर बसमधून उतरले, दक्षिणेचा गार वारा डाव्या गालाला लागला आणि कुणी उघडी वायर जबड्याला लावावी तसा झटका बसला. काही सेकंदच. मग सगळं पूर्ववत.

पुढे दात घासताना, चहाचा घोट घेताना, फोनवर बोलताना तोच झटका येऊ लागला. दाढ दुखतेय असं समजून एक चांगली दाढ काढूनही झाली. अखेर दुखण्याचं नाव कळलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी पाचवी नस, तिच्यावर मेंदूच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. नसेचं आवरण तिथे झिजतं आणि साध्या स्पर्शाचा निरोप वेदना होऊन पोचतो. आजार नवा नाही. फ्रान्समध्ये निकोला आंद्रे यांनी १७५६ मध्ये, तर लंडनमध्ये जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते २०११ मध्ये, सलमान खान उपचारांसाठी अमेरिकेला गेला तेव्हा.

आई सांगलीला असते. इथे संध्याकाळ झाली की तिच्याकडे दुपार असते, तेव्हा आमचा फोन होतो. तिला सांगितलं तर म्हणाली, "सोस गं थोडं. तू लहानपणापासून सोशिकच आहेस." यात माया होती, कौतुकही होतं. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. सोसणं हा खरंच गुण आहे का?

आपल्या भाषेत 'सोशिक' ही शाबासकी आहे, आणि ती बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येते. गीतेतल्या तितिक्षेचा दाखलाही लगेच मिळतो. पण तिथे सांगितलं आहे ते शीतोष्ण, सुखदुःख येतात आणि जातात म्हणून सहन करण्याबद्दल. जे टाळता येत नाही ते धीराने घेणं ही तितिक्षा. जे टाळता येण्यासारखं आहे ते घेत राहणं ही केवळ सवय असू शकते. बुद्धाच्या दोन बाणांच्या दृष्टान्तातही दुसरा बाण, म्हणजे दुःखाबद्दलची तडफड, आपण टाळू शकतो असं सांगितलं आहे. पहिला बाण उपसूच नका, असं काही त्यातून निघत नाही.

तर उपसायचा कसा? पहिला मार्ग कार्बामाझेपिन, मुळात फिट्सवरचं औषध. आशियाई वंशाच्या काही लोकांना त्याने त्वचेची भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून आधी रक्ताची जनुकीय तपासणी झाली. गोळीने झटके खूपच कमी झाले. पण डोस वाढला तशी चक्कर येऊ लागली, रक्तातलं सोडियम उतरलं आणि शब्द हरवू लागले. एकदा आईशी बोलताना 'कोथिंबीर' हा शब्द आठवेना. पोटापाण्याचं इंग्रजी कसंबसं टिकलं, मायबोली आधी निसटली. त्या दिवशी लक्षात आलं की सोसायचं नाही असं ठरवलं तरी किंमत कुठेतरी द्यावीच लागते.

दुसरा मार्ग गालातून सुई घालून नस उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा छोट्या फुग्याच्या दाबाने बधिर करण्याचा. किरणोत्साराचाही उपाय आहे. यांत कवटी उघडत नाहीत, पण चेहरा बधिर होऊ शकतो आणि दुखणं परतू शकतं. तिसरा मार्ग कानामागून कवटी उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवण्याचा. ही शस्त्रक्रिया रुळवली ती अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा यांनी. त्यांच्या गटाने १९९६ मध्ये ११८५ रुग्णांचा हिशेब मांडला: दहा वर्षांनंतर सुमारे ७० टक्के लोकांचा निकाल उत्तम होता, १६ जणांचं एका कानाचं ऐकणं गेलं, दोघे दगावले.

दोन जण. आकडा लहान आहे, पण ११८५ पैकी मी कितवी, हे कोणताही आकडा सांगत नाही. आणि जीव माझा असला तरी फक्त माझा नाही. नवरा आहे, विद्यापीठात शिकणारी लेक आहे, सांगलीत आई आहे. जीवघेण्या नसलेल्या दुखण्यासाठी त्यांच्या वाट्याचा धोका पत्करायचा अधिकार मला आहे का? उलट, माझी वेदना त्यांपैकी कुणालाच दिसत नाही. मग सोसायचं ठरवणं तरी त्यांच्या हाती कसं द्यायचं?

इथे न्यूझीलंडने मला एक गोष्ट शिकवली. १९८७ मध्ये 'मेट्रो' मासिकातल्या एका लेखामुळे उघड झालं, की ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांवर अनेक बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं लक्ष ठेवलं गेलं होतं, आणि हे त्यांना सांगितलंही नव्हतं. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली. त्यातूनच पुढे १९९६ मध्ये रुग्णांच्या हक्कांची संहिता आली. तिचा सहावा हक्क पूर्ण माहितीचा, सातवा स्वतः निवड करण्याचा. मी मात्र आठव्यापाशी थांबले: आपल्या पसंतीचं माणूस सोबत असण्याचा हक्क.

निवड माझी, पण ती करताना एकटं असण्याची सक्ती नाही. मला दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटत होत्या, त्या तशा नव्हत्या. मग नवरा आणि लेक दोघेही सर्जनकडे आले. लेकीने मला न सुचलेला प्रश्न विचारला: "आई, काहीच केलं नाही, तर पुढची दहा वर्षं कशी जातील?" 'काही न करणं' हीसुद्धा एक निवड आहे, तिलाही धोके आहेत, हे तोवर मी हिशेबात धरलंच नव्हतं.

शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. निकाल काय लागेल ते ठाऊक नाही, म्हणूनच हे आत्ता लिहून ठेवते आहे. बरी झाले तर माझा निर्णय शहाणपणाचा होता असं सगळे म्हणतील, न झाले तर घाई झाली म्हणतील. पण निर्णय योग्य होता की नाही हे निकालाने ठरत नाही. जे कळू शकत होतं ते विचारून घेतलं का, आणि ज्यांच्यावर त्याचा भार पडणार त्यांच्यासमोर तो घेतला का, एवढंच आपल्या हाती असतं.

आईला परवा सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मी पण खूप सोसलं गं. कुणी विचारलंच नाही, दुसरं काही करायचंय का."