वाकळ आणि वैराग्य
घरच्यांसाठी केलेले काम भक्ती ठरू शकते का? जुन्या लुगड्यांचे थर अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवणारी बाई, किंवा आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवशी दोघांसाठी गुपचूप ताटे मांडणारी मुले. विरक्त माणूस म्हणेल, हा तर मोह! पण गीतेचा तिसरा अध्याय कर्म सोडायला सांगत नाही, आसक्ती सोडायला सांगतो. आणि आसक्ती म्हणजे माया नव्हे, फळावर सांगितलेली मालकी. गोधडी विरणार हे शिवणारीला पहिल्या टाक्यालाच ठाऊक असते. जेवण तर तासाभरात संपते. संत जनाबाईच्या आख्यायिकेत तिला दळू लागायला आलेला विठ्ठल आपले पदक विसरतो आणि तिची वाकळ, म्हणजे गोधडीच, पांघरून राऊळात परततो. चोरीचा आळ मात्र जनीवर येतो. वारकऱ्यांनी देवाच्या अंगावर शेल्याऐवजी चिंध्यांची वाकळ घातली, हे मला कोणत्याही भाष्याइतके वजनदार वाटते.

खरा अडसर दुसराच आहे. पूजेचे नाव दिले की बायकांचे फुकटचे श्रम सोयीस्करपणे झाकले जातात. हे मान्यच करायला हवे: जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या कामाला अर्पण म्हणणे ही लबाडी आहे. जनी नामदेवांच्या घरची दासी होती, हे तिच्या दळणाचे गोडवे गाताना हमखास विसरले जाते. पण त्या कथेतला देव कष्टाचा महिमा सांगत बसत नाही, जात्याला हात लावतो. मुलांनी आईसाठी रांधणे याच जातीचे, अर्थात खरकटी भांडी तिच्यासाठीच ठेवली नसतील तर.