पाऊस, वाट आणि लेकरू

येडगाव धरणावर पाऊस कोसळतो आहे आणि उद्या लेकराला पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे, असे समजा. जावे की थांबावे? अमावस्या पाहून हा प्रश्न सुटत नाही. "जे व्हायचे ते होईल" म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे होय.

३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डोंगर खचून माळीण गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. तेव्हा पावसाला कमी लेखू नये. पण त्याचे निमित्तही करू नये.

थांबल्याने होणारी हानी आणि निघाल्याने होणारी हानी, दोन्ही तोला. नेहमीची तपासणी असेल तर डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे घ्या. परंतु लेकराला धाप लागली, झटके आले, ते दूध पीत नसेल, तर तारखेची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नारायणगावचा दवाखाना गाठा.

धोका आपण पत्करतो, भोगते लेकरू; त्याला कोणी विचारलेले नसते. म्हणून निर्णय आपल्या भीतीने नको, हट्टाने नको, त्याच्या हिताने व्हावा. ऐकीवावर न जाता हित-अहित स्वतः पारखा, हेच भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले.