पारावरची नजर

रावेरकडच्या खेड्यात परका माणूस शिरला की पारावरून पहिला प्रश्न येतो : “कोणाकडचे पाव्हणे?” शहरातले लोक याला चोंबडेपणा म्हणतात. मी त्याला गावाचा कोट म्हणतो. पार, विहीर, देवळाचा ओटा या सर्वांच्या जागा. तेथे कोणी ना कोणी बसलेले असते आणि त्याची नजर रस्त्यावर असते. हा बिनपगारी पहारा. अमेरिकेतल्या शहरांविषयी जेन जेकब्सबाईंनी १९६१ साली ग्रंथ लिहून जे सांगितले, ते आमच्या आजीबाईंना ओट्यावर वाती वळताना ठाऊक होते.

परंतु हा पहारा कोणासाठी, हे विचारावेच लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये रावेर तालुक्यातल्या बोरखेडा शिवारात, शेतातल्या घरात चार भावंडांचे खून झाले. कुटुंब मजुरीसाठी आलेले. आईबाप मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी गेले होते. आमच्याकडे अशी किती कुटुंबे केळीच्या बागांतून राहतात! बागेची राखण ती करतात. त्यांची हाक ऐकू जाईल असा पार मात्र जवळ नसतो.

मग माणसांत राहावे, हे उत्तर सोपे दिसते. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नजरा काय कमी होत्या? आठवड्याच्या बाजाराचा दिवस. भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले. मुले पळवणाऱ्यांची अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होती. जमावाने त्यांना ठार मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. म्हणजे जी खोली कायद्यानेच सर्वांची, तिच्यात. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. बाकीच्या बघणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हे. तो आपला आहे.

कोणी म्हणेल, पूर्वी असे नव्हते. गोसावी, वासुदेव दारी येत आणि सूपभर दाणे घेऊन जात. खरे आहे. पण त्याच जुन्या काळात महाडच्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला होता, हेही विसरू नये. सर्वांची म्हटलेली जागा तेव्हाही सर्वांची नव्हती.

माझी अडचण त्या पहिल्या प्रश्नाशीच आहे. पाहुण्याजवळ उत्तर असते. अमक्याचा जावई, तमक्याचा मामा. सातपुड्यातून उतरलेल्या मजुराने, पालातल्या भिक्षेकऱ्याने कोणाचे नाव सांगावे? एका पारावर मी हे बोलून पाहिले. एक म्हातारबा विचारात पडले. “कोणाकडचाच नाही, असा माणूस कसा असेल?” असे म्हणून त्यांनी तंबाखूची चंची सोडली आणि माझ्यापुढे धरली. मी तालुक्याचाच, हे त्यांना ठाऊक होते.