श्रावणवाचन : एक आत्मपरीक्षण

गेल्या श्रावणमासात नशिराबाद येथील आमच्या घरी ‘दृष्टांतपाठा’चे वाचन केले. दृष्टांत 114 आणि दिवस 30. म्हणून नित्य चारांचा नेम धरला. नेम अखंड चालला, समाप्तीही यथासांग झाली. तरी मनास समाधान नाही. ते का नाही, हेच साधुसंत व सद्भक्त यांपुढे मांडावयाचे आहे.

एके सायंकाळी शेजारची वृद्धा रुग्णालयातून आलेले पत्र वाचून घेण्यासाठी दाराशी आली. तिला अक्षरओळख नाही. दोन दृष्टांत उरले होते. मी हातानेच थांबण्याची खूण केली. वाचन संपवून उठलो, तो ती निघून गेलेली. भर पावसात दुसऱ्या आळीत जाऊन तिने ते पत्र वाचून घेतले.

नेम मोडू नये, हे खरेच. प्रत्येक हाकेला मोडतो तो नेम कसला? परंतु केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस अडविले, ते मराठीच जाणणाऱ्या म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून. त्याच केशिराजबासांनी संकलित केलेला हा ग्रंथ. तो ज्यांच्यासाठी मराठीत राहिला, त्यांतीलच एकीला मी तो हाती धरून ताटकळत ठेवले! जात्यंधांनी हत्तीच्या एकेका अवयवालाच हत्ती म्हणावे, तसा मी संख्येलाच धर्म समजलो.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेस, श्रीचक्रधरस्वामींच्या अवतारदिनी, तिच्या घरी गेलो. पत्राविषयी ती काही बोलली नाही. “त्या दिवशी कोणता दृष्टांत चालला होता, भाऊ?” एवढेच तिने विचारले. मला तो आठवेना.