आरतीवाचून कीर्तन

गेल्या भाद्रपदात, गौरीगणपती उरकल्यानंतरच्या आठवड्यात, आमच्या घरी एका लहानशा गोष्टीवरून जो प्रश्न उभा राहिला तो मी आरंभी निव्वळ बाजारातला समजत होतो. तो धर्मविचारातला आहे हे ध्यानात यायला मला चार दिवस लागले. दिवाणखान्यातला टीव्ही दहा वर्षांचा जुना, पण चित्र अद्याप स्वच्छ. तेव्हा तो न बदलता त्याच्या पाठीमागच्या एचडीएमआय पोर्टात बसणारे एखादे स्ट्रीमिंगचे उपकरण आणावे, की इंटरनेटच्या जोडणीबरोबर फुकट मिळालेली डबीच चालू ठेवावी, एवढाच तो प्रश्न होता. किंमत, चित्राची स्पष्टता, वाय-फायचा वेग यांची खातरजमा करून मी डबीच्या बाजूने जवळजवळ निकाल दिला होता, तोच एका रात्री आम्ही एका लग्नाहून साडेअकराला परत आलो.

आई टीव्हीसमोर बसली होती. वय चौऱ्याऐंशी. पाठ खुर्चीला टेकलेली नाही, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि स्वयंपाकघरात तिच्यासाठी झाकून ठेवलेले ताट जसेच्या तसे. संध्याकाळी सात वाजता मी तिला एक कीर्तन लावून दिले होते. "संपतच नाही रे," ती म्हणाली, "एक बुवा आरतीपाशी येतात, तेवढ्यात दुसरे उभे राहतात. मधेच कसं उठायचं?"

नारदीय कीर्तनाला पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, आणि शेवटी आरती झाली म्हणजे श्रोत्याला उठण्याची मोकळीक मिळते. त्याआधी उठणे म्हणजे भर सभेत देवाकडे पाठ फिरवणे, असे जिला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी देवळाच्या ओसरीवर शिकवले गेले, ती बाई यंत्राशीही त्याच मर्यादेने वागत होती. यंत्राला मात्र ती मर्यादा ठाऊक नव्हती. कोपऱ्यात काही सेकंदांची उलटी मोजणी होई आणि पुढचे कीर्तन आपोआप सुरू होई. तिने होकार दिलेला नव्हता. तिने नकार दिला नाही, एवढेच त्याला पुरेसे होते.

मौन ही संमती समजण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे हे मला मान्य आहे. परंतु व्यवहारात आपण ती किती जपून वापरतो! कोर्टात प्रतिवादी गैरहजर राहिला तर एकतर्फी हुकूमनामा होतो खरा, पण त्यापूर्वी त्याच्यावर समन्स बजावले गेले की नाही हे पाहावे लागते, आणि पुढेही सबळ कारण दाखवून तो हुकूमनामा रद्द करून घेण्याची वाट त्याला मोकळी असते. कठोपनिषदातल्या यमाने नचिकेत्यापुढे हत्ती, घोडे, सुवर्ण, दीर्घायुष्य, रथांत वाद्यांसह बसलेल्या सुंदरी असे मोहाचे सारे भांडार उघडे केले. पण ते ठेवून तो उत्तरासाठी थांबला. ज्याच्या दारी हा मुलगा तीन रात्री उपाशी राहिला, त्या प्रत्यक्ष मृत्यूनेही त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला नाही. श्रेय आणि प्रेय यांतली निवड म्हणून ही कथा आपण नेहमी सांगतो, पण त्या निवडीसाठी नचिकेत्याला जी उसंत मिळाली तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही, आणि मला वाटते की तिच्यावाचून ती निवड झालीच नसती.

माणसाचे कर्म त्याचे स्वतःचे कशाने होते, हा आरंभी म्हटलेला धर्मविचारातला प्रश्न. आपल्या पूजाविधीत याचे उत्तर इतक्या साध्या रूपात बसलेले आहे की रोज पाहूनही ते दिसत नाही. आचमन-प्राणायाम झाल्यावर यजमान उजव्या तळव्यावर पाणी घेतो आणि शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांचा उच्चार करतो. आपण गोदावरीच्या कोणत्या तीरी उभे आहोत हे सांगतो. आपले गोत्र आणि नाव सांगतो. काय करणार आणि कशासाठी हे सांगतो. आणि मग "करिष्ये" म्हणून ते पाणी ताम्हणात सोडतो. अनंत काळातून आणि अफाट पृथ्वीतून एक तिथी आणि एक जागा वेचून काढून, इथे, आज, मी, हे एवढेच करणार, अशी ती कबुली असते. पोथी तीच, फुले तीच, मंत्र तेच असले तरी हे उदक सुटले नाही तर पूजा कोणाची झाली हे सांगता येणार नाही.

त्या "करिष्ये"चे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. संस्कृतात 'कृ' हा धातू दोन्ही पदांत चालतो, आणि पाणिनीचा दंडक असा की क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद योजावे. म्हणून स्वतःसाठी पूजा करणारा "करिष्ये" म्हणतो. दुसऱ्याकरिता करणाऱ्याच्या मुखी "करिष्यामि" हे परस्मैपद शोभते. आईने त्या रात्री पाहिलेल्या पहिल्या कीर्तनाचे क्रियापद आत्मनेपदी होते. त्यानंतरच्या साडेतीन तासांतले फळ कोणाच्या पदरात पडले? बसली ती, डोळे तिचे, उपवास तिला घडला. पण तिच्या बसण्याचा जमाखर्च दुसऱ्याच कोणाच्या दफ्तरात मांडला गेला. ती सगळी क्रिया परस्मैपदी झाली होती, आणि कर्त्याला त्याची वार्ताही नव्हती.

येथे गीतेच्या अभ्यासकाने मला अडवावे, आणि त्याचा आक्षेप वजनदार आहे. सहाव्या अध्यायात योगारूढ कोणाला म्हणावे हे सांगताना भगवंतांनी सर्व संकल्पांचा संन्यास केलेला पुरुष असेच लक्षण दिले आहे. मग संकल्पाची महती गाणे हे उलट्या दिशेने जाणे नव्हे काय? मी या प्रश्नापाशी बरेच दिवस अडलो होतो. पण त्याच श्लोकाच्या पूर्वार्धात इंद्रियांच्या विषयांत आणि कर्मांत न गुंतण्याची अट आहे, आणि त्याच्या आधीच्या श्लोकात योगावर चढू पाहणाऱ्याला कर्म हेच साधन सांगितले आहे. ज्याच्या मुठीत काही आहे त्यानेच ते सोडले तर त्याला संन्यास म्हणावे. ज्याची मूठ झोपेत कोणी उघडली त्याला त्यागी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. खुर्चीत सैल पडून एकामागून एक भाग पाहणाऱ्या माणसाच्या मनात संकल्प नसतो हे खरे, पण ती संकल्पाच्या पलीकडची अवस्था नव्हे, अलीकडची आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच शांत दिसतात. म्हणूनच त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

जुन्या काळाची तरफदारी मी करीत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढे अनेक वर्षे रात्री कार्यक्रम संपत, पडद्यावर नुसती खरखर उरे आणि घर झोपी जाई. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा लोक स्नान करून बसत, संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. त्या बसण्याला आरंभ होता आणि शेवट होता. पण वेळ ठरवणारे आपण नव्हतो; तो सरकारी फर्मानाचा काळ होता, आणि वेळापत्रकाने लादलेला शेवट हा काही माणसाने केलेला समारोप नव्हे. स्ट्रीमिंगने वेळेची मुखत्यारी प्रेक्षकाच्या हाती दिली हे त्याचे मोठे श्रेय मी मानतो. दुःख आहे ते एवढ्याचेच, की दिलेली मुखत्यारी त्याच हाताने अलगद काढून घेतली गेली.

या दृष्टीने उपकरणांचा अल्पसा इतिहास मला फार बोलका वाटला. ॲपलचे टीव्हीला जोडायचे यंत्र २००७ साली आले, रोकूचे २००८ साली. आणि २०१३ च्या जुलैत गुगलने पस्तीस डॉलरांचे क्रोमकास्ट काढले, त्याला ना रिमोट होता ना स्वतःची यादी. बोटाएवढे ते यंत्र पोर्टात बसून राही; काय पाहायचे ते तुम्ही फोनवर ठरवून पाठवीत नाही तोवर ते चित्रांखेरीज काही दाखवीत नसे. फोनमधल्या ॲपने आपोआप पुढचे लावले तर त्याला ते थांबवत नसे, हे खरे. पण आरंभ तरी माणसाच्या हातून होई. २०२० मध्ये त्याच नावाच्या यंत्राला रिमोट आला आणि शिफारशींनी भरलेले दर्शनी पान आले, आणि २०२४ मध्ये ते नावच बंद झाले. दुकानात मी जी उपकरणे हाताळली त्यांतल्या बहुतेकांच्या रिमोटवर निरनिराळ्या कंपन्यांची नावे छापलेली बटणे होती. बंद करण्याचे बटण त्यांच्यापेक्षा लहान.

म्हणून मी किमतीचा आणि चित्राच्या स्पष्टतेचा विचार तहकूब ठेवला आणि दुकानदाराला एकच गोष्ट विचारली, की हे संपते कसे. त्याला प्रश्न नवा होता, पण त्याने तो मनावर घेतला आणि दोघांनी मिळून तासभर सेटिंग उघडून पाहिली. गणपती बसवताना दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की अनंत चतुर्दशीपर्यंतचा हे आधी ठरलेले असते. उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते, आणि त्या किंचित हलवण्यात निरोपाचे सारे दुःख आणि पुनरागमनाची सारी आशा असते. विसर्जन हा उत्सवाचा शेवटचा भाग आहे, उत्सवातला खंड नव्हे. जे यंत्र विसर्जन जाणत नाही त्याला आवाहन कसे करावे?

अखेर गुगल टीव्हीवर चालणारे एक साधे उपकरण घेतले, कारण त्यात शिफारशी बाजूला सारून केवळ ॲपांची यादी दाखवण्याची तजवीज आहे. यूट्यूबमधला ऑटोप्ले बंद केला. आईला बटणे नीट दिसत नाहीत, तेव्हा माझ्या पत्नीने बंद करण्याच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवून दिली.

पहिल्या संध्याकाळी कीर्तन आठ वाजून दहा मिनिटांनी संपले. आरतीचा शेवटचा टाळ वाजला, चित्र थांबले, आणि दुसरे काही सुरू झाले नाही. आई थोडा वेळ तशीच पाहत राहिली. मग तिने अंगठ्याने टिकली चाचपली, दाबली, काळ्या पडद्याला दोन्ही हात जोडले, आणि खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन उठता उठता म्हणाली, "चला, पानं घ्या."